'शकला' की 'येई'? : इंग्रजी मोडल क्रियापदांचा भूतकाळ आणि त्यांच्या रूढ मराठी पर्यायांची चिकित्सा

प्रास्ताविक

पदवी वर्गाच्या आवश्यक इंग्रजीत अर्जलेखन हा हमखास येणारा प्रश्न होय. अशाच एका सरावात अमडापूर परिसरातील एका शेतकऱ्याच्या मुलीने शुल्क-सवलतीसाठी अर्ज लिहिला होता. त्यातील एक वाक्य असे होते : 'माय फादर कुड रिपे द क्रॉप लोन लास्ट इयर, बट ही कुड नॉट रिपे इट धिस इयर.' तिच्या मनातील मराठी वाक्य उघड होते. वडील गेल्या वर्षी पीककर्ज फेडू शकले, यंदा फेडू शकले नाहीत. वाक्याचा उत्तरार्ध इंग्रजीत जसाच्या तसा उतरला आहे. पूर्वार्ध मात्र बिघडला. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की, गेल्या वर्षी वडिलांची कर्ज फेडण्याची ऐपत होती. त्यांनी ते फेडले की नाही हे वाक्य सांगत नाही, उलट ऐपत असून फेडले नसावे अशी शंका निर्माण करते. ज्या अर्जावर शुल्क माफ होणार की नाही हे ठरायचे, त्या अर्जात ही शंका अर्जदारावरच उलटणारी आहे.

प्रस्तुत लेखकाने नेहमीप्रमाणे पहिल्या 'कुड'वर लाल रेघ ओढली आणि वर 'वॉज एबल टू' लिहिले. वही परत मिळाल्यावर तिने विचारले, "सर, मंग दुसरं 'कुड नॉट' बरोबर कसं?" नियम ठाऊक होता, पण त्याचे कारण सांगता आले नाही. होकारात 'कुड' चालत नाही आणि नकारात चालते, एवढेच पुन्हा सांगून वेळ मारून नेली. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना असे लक्षात आले की, चूक त्या विद्यार्थिनीची नव्हतीच. आपण पिढ्यान्‌पिढ्या फळ्यावर जो तक्ता लिहीत आलो आहोत, त्याची ती प्रामाणिक अंमलबजावणी होती. प्रस्तुत लेखात त्या तक्त्याच्या मराठी रकान्याची चिकित्सा करावयाची आहे. इंग्रजी रकान्याची चिकित्सा इंग्रजी व्याकरणकारांनी पुष्कळ केली आहे. फ्रँक पामर यांचा 'मोडॅलिटी अँड द इंग्लिश मोडल्स' हा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जेफ्री लीच यांचे इंग्रजी क्रियापदाच्या अर्थाविषयीचे पुस्तक त्याहीपूर्वी, १९७१ मध्ये. मराठी रकान्याकडे मात्र कोणी फारसे वळून पाहिलेले दिसत नाही.

तक्ता आणि त्याचे गृहीत

हा तक्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. डावीकडे वर्तमानकाळ : कॅन, मे, शॅल, विल. उजवीकडे भूतकाळ : कुड, माइट, शुड, वुड. 'मस्ट'समोरची जागा एकतर रिकामी असते किंवा तेथे 'हॅड टू' लिहिलेले असते. त्याखाली मराठी अर्थ दिलेले असतात. कॅन म्हणजे 'शकतो', म्हणून कुड म्हणजे 'शकला'. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांच्यापासून आजच्या बाजारू मार्गदर्शिकांपर्यंत शब्दाला शब्द जोडण्याची ही सवय चालत आली आहे. मराठी शाळांत इंग्रजी २००० सालापासून पहिलीतच सुरू झाले. त्यामुळे तक्ता लवकर भेटू लागला, इतकेच. त्याचा मराठी रकाना बदलला नाही.

तक्त्यामागील गृहीत असे की, वर्तमानातून भूतात जाताना मोडल क्रियापदाचा केवळ काळ बदलतो, अर्थ तोच राहतो. हे गृहीत इंग्रजीबाबत तर खोटे आहेच. पण ते मराठीबाबतही तितकेच खोटे आहे, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटली आहे. 'तो विहिरीत पोहू शकतो' या वाक्यात अंगी असलेले सामर्थ्य सांगितले आहे. तो आज विहिरीत उतरला नाही तरी वाक्य खरे राहते. हेच वाक्य 'शकला' असे करून पाहावे. 'तो पूर आलेली नदी पोहून पार करू शकला' असे म्हटले की केवळ सामर्थ्य उरत नाही, क्रिया घडून गेलेली असते. 'तो नदी पार करू शकला, पण त्याने केली नाही' हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाच्या कानाला खटकते. त्यासाठी 'शकला असता' म्हणावे लागते. म्हणजे 'शकतो'चा 'शकला' होताना सामर्थ्याचे रूपांतर घटनेत होते.

याचे कारण 'शकणे' या क्रियापदात नसून मराठीच्या '-ला' प्रत्ययान्त भूतकाळात आहे. हा भूतकाळ क्रिया पूर्ण झाल्याचे सांगतो. 'मला करता आले' किंवा 'आजोबांना काल देवळापर्यंत चालवले' यांतही तेच घडते. प्रयोग कोणताही घ्या, सामर्थ्यावर पूर्ण भूतकाळ बसला की त्याची घटना होते. भाषाविज्ञानात या गोष्टीची चर्चा बरीच उशिरा सुरू झाली. राजेश भट्ट यांनी १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात हिंदीतील 'सकना' आणि ग्रीकमधील समान रचना यांच्या आधारे ती मांडली. पुढे २००६ मध्ये व्हॅलेन्तिन हॅकार यांनी फ्रेंच भाषेच्या अंगाने तिचा विस्तार केला. मराठी 'शकला' याच पंक्तीत बसतो.

इंग्रजी 'कुड' मात्र पूर्ण भूतकाळ दाखवीत नाही. 'ही कुड स्विम' म्हणजे त्याला पोहता येत असे. येथे सामर्थ्य सामर्थ्यच राहते, त्याची घटना होत नाही. सारांश, तक्ता ज्या दोन शब्दांमध्ये बरोबरीचे चिन्ह घालतो, त्यांपैकी एक घटना सांगतो आणि दुसरा स्थिती. विद्यार्थिनीच्या अर्जातील पूर्वार्ध बिघडला तो येथे.

'येई' आणि 'येईना'

मग 'कुड'चा खरा मराठी जोडीदार कोणता? वर सहज लिहून गेलेल्या 'पोहता येत असे' यातच उत्तर आहे. ग्रंथिक मराठीत ते 'पोहता येई' असे होते. आपल्या व्याकरणांनी याला रीतिभूतकाळ म्हटले आहे. भूतकाळात एखादी क्रिया घडण्याची रीत होती, एवढेच हे रूप सांगते. अमुक दिवशी अमुक एक क्रिया घडली, असे ते सांगत नाही. 'लहानपणी त्याला झाडावर चढता येई' हे वाक्य इंग्रजीत 'कुड' वापरून निःशंकपणे सांगता येते. 'काल त्याला झाडावर चढता आले' यासाठी मात्र 'वॉज एबल टू' हवे.

आता नकाराकडे वळू. विद्यार्थिनीचा प्रश्न येथेच सुटतो. 'येई'चा नकार 'येईना' असा होतो. 'येईना' हे रूप मात्र रीतीपुरते मर्यादित नाही. 'किल्ली हरवली, त्याला दार उघडता येईना' हे एकाच वेळी, एकाच दाराशी घडलेले आहे. होकारात 'दार उघडता येई' म्हटले की रोजची रीत झाली. नकारात 'येईना' म्हटले की एका प्रसंगाचे चित्र उभे राहते. इंग्रजीत 'कुड' आणि 'कुड नॉट' यांच्यात जी विषमता आहे, नेमकी तीच विषमता मराठीत 'येई' आणि 'येईना' यांच्यात आहे. तिला सांगता आले असते की, बाई गं, तुझ्या भाषेतही हे असेच आहे.

ही गोष्ट 'कुड'पाशीच थांबत नाही. 'विल'चे भूतकाळी रूप 'वुड'. 'आजोबा रोज पहाटे शेतावर जात' किंवा एकवचनात 'तो रोज शेतावर जाई' या अर्थी इंग्रजीत 'वुड गो' म्हणता येते. पण तो काल एकदा शेतावर गेला, हे सांगण्यासाठी 'वुड गो' चालत नाही. नकारात मात्र चालते. मोटारसायकल नादुरुस्त झाली, किक मारमारून पाय दुखले, तरी गाडी सुरू होईना. यासाठी इंग्रजीत 'वुड नॉट स्टार्ट' हाच अगदी स्वाभाविक प्रयोग आहे. होकारी 'वुड स्टार्ट' त्या एका सकाळसाठी वापरता येत नाही आणि मराठीतही त्या सकाळसाठी 'गाडी सुरू होई' म्हणत नाहीत. बैल उठेना, लेकरू जेवेना, म्हातारा ऐकेना : आमच्या वऱ्हाडात ही रूपे रोजच्या बोलण्यात आहेत. होकारी 'जाई', 'येई' बोलण्यातून जवळजवळ गेली आणि त्यांची जागा 'जात होता', 'येत होतं' यांनी घेतली. नकारी रूपे मात्र टिकून आहेत. वर्गात 'वुड नॉट' शिकविताना रीतिभूतकाळाची व्याख्या सांगण्याची गरज नाही. बैल उठेना एवढे पुरते.

याला आणखी एक पुष्टी मिळते. होकारी 'कुड' एका प्रसंगासाठी चालत नाही, या नियमाला इंग्रजी व्याकरणे एक अपवाद सांगतात : पाहणे, ऐकणे, वास येणे अशा इंद्रियानुभवाच्या क्रियापदांबरोबर तो चालतो. काल रात्री मला दूरवरचे भजन ऐकू येत होते, येथे 'कुड हिअर' अगदी योग्य आहे. विद्यार्थी हा अपवाद म्हणून पाठ करतात. परंतु मराठी वाक्यात आपण आपोआप काय लिहिले ते पाहावे : 'ऐकू येत होते', 'ऐकू आले' नव्हे. मराठीने तेथे स्वतःहून अपूर्ण भूतकाळ घेतला आहे. म्हणजे तो अपवाद नाहीच. जेथे मराठी अपूर्ण किंवा रीतीचे रूप घेते, तेथे 'कुड' आणि जेथे मराठी '-ला'चे रूप घेते, तेथे 'वॉज एबल टू', हा नियम येथेही अबाधित आहे. 'शकणे'ही या नियमाबाहेर नाही. 'शकत असे' म्हटले की 'कुड' चालतो, 'शकला' म्हटले की चालत नाही. नकारात 'शकला नाही' आणि 'शकत नसे' या दोहोंसाठी 'कुड नॉट' चालते. न घडलेल्या क्रियेच्या बाबतीत सामर्थ्य नव्हते म्हणणे आणि घटना घडली नाही म्हणणे यांत व्यवहारात फरक उरत नाही, म्हणून इंग्रजीला तेथे दोन रूपांची गरज पडत नाही.

रूप जुने, काळ नवा

येथे एक आक्षेप संभवतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' या म्हणीतील 'येईना' भूतकाळी कोठे आहे? 'दाम करी काम' यातील 'करी'ही सार्वकालिकच आहे. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर या रूपांच्या इतिहासात सापडते. 'करी', 'जाय', 'येई' ही रूपे मुळात वर्तमानकाळाची. संस्कृत-प्राकृतातून आलेला वर्तमानकाळ तो हाच. आमच्या मेहकर-लोणार परिसराशी ज्याचा संबंध आहे, त्या तेराव्या शतकातील लीळाचरित्रात तो वर्तमानाचेच काम करतो, ज्ञानेश्वरीतही करतो. पुढे धातुसाधितापासून बनलेला 'करतो', 'जातो' हा नवा वर्तमानकाळ पुढे आला आणि जुन्याला मागे सरावे लागले. तो सरकला तो भूतकाळातील रीतीकडे. म्हणींत आणि नकारात मात्र त्याचा जुना मुक्काम कायम राहिला.

इंग्रजी मोडल क्रियापदांचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. 'कॅन', 'मे', 'शॅल' ही आज वर्तमानाची मानली जाणारी रूपे मुळात भूतकाळी घडणीची आहेत. 'मी जाणून घेतले' यातून 'मला येते' असा अर्थ झाला आणि तो 'कॅन'. संस्कृत जाणणाऱ्या प्राध्यापकांना 'वेद' हे रूप आठवेल. घडण परोक्षभूताची, अर्थ 'तो जाणतो' असा वर्तमानाचा. एकदा भूतकाळी रूप वर्तमानात येऊन बसल्यावर इंग्रजीला नव्या भूतकाळाची गरज पडली आणि तेव्हा 'कुड', 'माइट', 'शुड' ही रूपे घडली. पुढे त्यांचीही तीच गत झाली. 'शुड' आज भूतकाळ सांगत नाही, 'माइट' बहुधा सांगत नाही. 'मस्ट' आणि 'ऑट' ही तर भूतकाळी रूपेच वर्तमानाची झाली आहेत. त्यांच्यासमोर तक्त्यात जागा रिकामी राहते ती याचमुळे. आपण ज्या रकान्यावर 'भूतकाळ' असे शीर्षक लिहितो, त्यातील निम्मे शब्द कधीच वर्तमानात राहायला गेले आहेत.

या बाबतीत एक मोह टाळला पाहिजे. इंग्रजी माणूस विनयासाठी भूतकाळात मागे सरकतो, 'कुड यू' म्हणतो, आणि मराठी माणूस विनयासाठी भविष्यात पुढे सरकतो, 'सांगाल का' म्हणतो, असे एक सुबक विधान प्रस्तुत लेखकाने वर्गात अनेकदा केले आहे. ते अर्धेच खरे आहे. चिखलीच्या बाजारात कोणत्याही दुकानात पाऊल टाकावे, दुकानदार विचारतो, "काय पाह्यजे होतं?" गिऱ्हाइकाची गरज संपलेली नसते, ती आत्ताच सुरू झालेली असते. 'मला जरा विचारायचं होतं' यातही विचारणे पुढेच आहे. भूतकाळी रूपाने काळ नव्हे तर अदब दाखविण्याची रीत मराठीला परकी नाही. म्हणून 'कुड यू'मध्ये भूतकाळ कोठे आहे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दुकानदाराचे वाक्य ऐकवावे, पुढचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा लागत नाही.

'नये', 'पाहिजे' आणि 'मस्ट'

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून मराठी क्रियापदविचार स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ या अर्थांच्या चौकटीत बसविला गेला. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त विवेचन कितीतरी सूक्ष्म झाले आणि १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' करताना या परंपरेलाच प्रश्न विचारले. तथापि शालेय व्याकरणात जे झिरपले ते वर्गीकरण. 'पाहिजे', 'नको', 'नये', 'नव्हे' ही सारी 'गौण' किंवा 'अनियमित' क्रियापदे म्हणून एका ओळीत मोजली जातात आणि पुढचा धडा सुरू होतो. गंमत अशी की, जुन्या इंग्रजी व्याकरणांनी 'मस्ट', 'ऑट' यांना दिलेले नावही 'सदोष क्रियापदे' अशाच आशयाचे होते. दोन्ही भाषांतील हे शब्द एकाच कारणाने सदोष ठरले आहेत : त्यांना सगळे काळ चालत नाहीत.

'पाहिजे' हे पाहणे या धातूचे जुने कर्मणी वर्तमान रूप, करिजे, देखिजे यांच्या जातीचे. 'पाहिले जाते', म्हणजे अपेक्षिले जाते, म्हणून 'हवे आहे'. ही '-इजे'ची रूपे लोपली. 'पाहिजे' आणि 'म्हणजे' तेवढे गोठून राहिले. अनेकवचनी 'पाहिजेत' मराठीने नंतर जोडून घेतले, पण भूतकाळ काही जोडता आला नाही. त्यासाठी बाहेरून 'होते' आणावे लागते. 'नये'ची स्थिती तर 'मस्ट'सारखीच आहे. 'असे बोलू नये' याचा भूतकाळ करायला सांगावे, विद्यार्थी क्षणभर अडखळतो आणि मग 'असे बोलायला नको होते' म्हणतो. क्रियापदच बदलले. 'मस्ट'चे 'हॅड टू' कसे होते, असे जो विचारतो, त्याच्याच तोंडी 'नये'चे 'नको होते' झालेले असते.

आणि येथेही अर्थ तोच राहत नाही. 'मला जायला पाहिजे' यात जाणे अजून व्हायचे आहे, मी जाईन किंवा न जाईन. 'मला जायला पाहिजे होते' म्हटले की मी गेलो नाही, हे ठरूनच गेले. याउलट 'मला जावे लागते'चे 'मला जावे लागले' झाले की मी गेलो, हे ठरून गेले. वर्तमानात 'पाहिजे' आणि 'लागते' शेजारी राहतात, भूतकाळात ते एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना जाऊन उभे राहतात. वऱ्हाडीत हे आणखी आटोपशीर आहे. 'मले जा लागलं' म्हणणारा जाऊन आलेला असतो. 'मले जाले पाह्यजे होतं' म्हणणारा घरीच बसलेला असतो आणि त्याला त्याची चुटपुट असते. इंग्रजीत हाच भेद 'हॅड टू गो' आणि 'शुड हॅव गॉन' यांत आहे. विद्यार्थ्यांकडून 'शुड हॅव'च्या जागी 'हॅड टू' वापरण्याची चूक वारंवार होते. दोहोंचा अर्थ 'जायचे होते' असा दिला जातो, हे त्याचे कारण. 'जायचे होते' हे संदिग्ध रूप देण्याऐवजी 'जावे लागले' आणि 'जायला पाहिजे होते' ही दोन रूपे वेगवेगळी दिली तर ही चूक बरीच कमी होते, असा अनुभव आहे.

भूतकाळ कोणावर बसतो

आता एका अधिक नाजूक गोष्टीकडे वळावे लागेल. मोडल वाक्यात दोन क्रियापदे असतात, तेव्हा भूतकाळ त्यांपैकी कोणावर बसवायचा हा प्रश्न येतो. 'तो घरी गेला असला पाहिजे' आणि 'तो घरी जायला पाहिजे होता' या दोन वाक्यांत शब्द जवळपास तेच आहेत. पहिल्यात भूतकाळ जाण्यावर बसला आहे आणि 'पाहिजे' वर्तमानात मोकळे आहे. वक्ता आज अनुमान करतो आहे, जाणे मागे झाले आहे. दुसऱ्यात भूतकाळ 'पाहिजे'वर बसला आहे, म्हणजे कर्तव्य वा अपेक्षाच मागे पडली आहे. अनुमानाच्या वाक्यात भूतकाळ मुख्य क्रियापदावर आणि कर्तव्याच्या वाक्यात तो मोडल शब्दावर, अशी मराठीची वाटणी आहे. 'गेला असेल', 'गेला असावा', वऱ्हाडीतील 'गेला असन', सर्वत्र तेच.

इंग्रजीत 'मस्ट हॅव गॉन' आणि 'शुड हॅव गॉन' यांची बांधणी बाहेरून अगदी एकसारखी दिसते, दोन्हींत 'हॅव' मुख्य क्रियापदाजवळ आहे. त्यामुळे विद्यार्थी गोंधळतो. येथे मराठी ही इंग्रजीपेक्षा अधिक बोलकी भाषा आहे, असे म्हणावेसे वाटते. जो भेद इंग्रजी वाचकाला संदर्भावरून काढावा लागतो, तो मराठी रूपातच सांगून टाकते.

अर्थात बोलकेपणाची किंमतही असते. 'मॅकबेथ'च्या पाचव्या अंकातील पाचव्या प्रवेशात राणीच्या मृत्यूची वार्ता ऐकून मॅकबेथ जे उद्गार काढतो, त्यांच्या पहिल्याच ओळीतील 'शुड' या शब्दाने टीकाकारांना कायम बुचकळ्यात टाकले आहे. ती आज ना उद्या मेलीच असती, असा निर्विकारपणा त्यात आहे, की तिने नंतर, शोक करायला सवड असती तेव्हा मरायला हवे होते, अशी हळहळ आहे? शेक्सपिअरकालीन इंग्रजीत 'शुड' दोन्ही अर्थ वाहू शकतो आणि नट एकाच श्वासात दोन्ही ऐकवू शकतो. मराठी भाषांतरकाराला मात्र निवड करावी लागते. 'मेली असती' म्हटले की संकेतार्थ, 'मरायला हवे होते' म्हटले की विध्यर्थ. मधली जागा मराठीत नाही. ज्या स्पष्टतेचा आपण वर्गात उपयोग करून घेतो, तीच येथे मॅकबेथच्या मनाचा एक भाग झाकून टाकते. भाषांतरात जे हरवते त्याला आपण सरसकट 'आशय' म्हणतो. येथे हरवते ती संदिग्धता.

'मे'-'माइट'विषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. 'माइट' हा शक्यतेच्या अर्थी 'मे'चा भूतकाळ नव्हे. तो कमी खात्रीचा वर्तमान आहे. मागील शक्यतेसाठी 'माइट हॅव', मराठीत 'गेला असावा'. परवानगीचा 'मे' भूतकाळात 'वॉज अलाउड टू' होतो. मात्र 'मे' म्हणजे 'शकतो' या पर्यायाने आपल्या मराठीचेच नुकसान केले आहे, हे नोंदवले पाहिजे. 'उद्या पाऊस पडू शकतो' हे वाक्य वृत्तपत्रांतून आता इतके रुळले आहे की, 'उद्या पाऊस पडेलसे दिसते' किंवा 'पडण्याचा संभव आहे' ही वाक्ये जुनाट वाटू लागली आहेत. पावसाच्या अंगी पडण्याचे सामर्थ्य आहे, असे म्हणायचे नव्हते.

अप्रत्यक्ष कथनात 'विल'चे 'वुड', 'कॅन'चे 'कुड' होते, ते निव्वळ काळाच्या मेळासाठी. मराठीत असा मेळ घालण्याची पद्धत नाही. 'तो येईल असे म्हणाला' यात 'येईल' जागचे हलत नाही. तक्ता खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो येथे आणि फक्त येथे. तक्ता मुळात अप्रत्यक्ष कथनाच्या धड्यासाठी असता तर त्याच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नव्हते.

वर्गातील फळ्यावर आता प्रस्तुत लेखक 'कुड'समोर 'शकला' लिहीत नाही. 'येई / येत होते, नकारात येईना' असे लिहितो आणि 'शकला' खालच्या ओळीत 'वॉज एबल टू'समोर जातो. पदव्युत्तर वर्गालाही हा फरक नव्याने सांगावा लागतो, कारण तोपर्यंत पहिला तक्ता पक्का झालेला असतो. त्या अर्जाबाबत मात्र माझी लाल शाईही पूर्णपणे बरोबर होती, असे आता वाटत नाही. 'वॉज एबल टू' व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. नुसते 'रिपेड' लिहिले असते तरी वाक्य शुद्ध झाले असते. पण 'फेडू शकले' या मराठी शब्दांत फेडताना झालेली ओढाताण आहे, कोठून तरी जमवाजमव करून फेडल्याचा भाव आहे, आणि सवलत मागणाऱ्या अर्जात तोच भाव पोहोचायला हवा होता. त्यासाठी इंग्रजीत 'मॅनेज्ड टू रिपे' आहे. पुढच्या तासाला तिच्या वहीत 'वॉज एबल टू' खोडून तेच लिहिले.